जॉब कार्ड

२०११ची डायरी. कंपनीने दिलेली शेवटची.
तिची उरलेली पानं घेतली
आणि वर लिहिलं: जॉब नंबर एक.
मग हसू आलं,
दोन कुठून येणार आहे?

वाहन: लॅम्ब्रेटा.
साल: मुस्तकीम म्हणतो एकोणसत्तर,
राबोडीचा भंगारवाला म्हणाला होता बासष्ट,
आणि त्या सात वर्षांचे पाचशे जास्त घेतले.
रंग: वरून निळा. नखाने खरवडला तर पोपटी,
त्याखाली करडा, त्याखाली
ताकासारखं काहीतरी,
मग पत्रा.
म्हणजे चार माणसं तरी
हिला आपली म्हणून गेली.

वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळावर,
मी एकतीस वर्षं प्लॅनिंगला होते.
काय कधी लागेल, कुणाकडून, किती दिवसांत,
कशावाचून काय अडेल.
आमचे व्हॉल्व्ह खोक्यात बंद होऊन जायचे
भटिंड्याला, हल्दियाला.
चालताना एकही पाहिला नाही.
आता तिथे काचेची इमारत आहे.
खाली जिथे आमचं स्टोअर होतं
तिथे एकदा कॉफी प्यायले.
बिल तपासलं. बरोबर होतं.

तर यादी.
क्रँकची ऑइल सील. पॉइंट, कंडेन्सर.
क्लचच्या प्लेट्स, सगळ्या केबल,
हेडलाइटची रिंग (मिळेल तशी).
उजवं साइड पॅनेल: कुठेच नाही.
नाशिकला एकाकडे आहे, तो फोन उचलत नाही.
त्याच्यापुढे पेन्सिलने: दर मंगळवारी.

मुस्तकीमने उकिडवं बसून सगळं ऐकलं,
कानामागची काडी दातात धरली.
"ताई, आधी एक ठरवा.
चालवायची की दाखवायची?
दाखवायची तर सगळं उघडू,
सँडब्लास्टिंग, पावडर कोटिंग,
जुनं काही म्हणजे काही ठेवणार नाही."
उद्या सांगते, म्हटलं.

सोसायटीत टेंबवलकरांची नोटीस लागली आहे,
बेवारस वाहने पंधरा दिवसांत हलवावीत.
मी हँडलला सुतळीने पुठ्ठा बांधला:
काम चालू आहे.
काम अजून कागदावरच, पण
प्लॅनिंगच्या माणसाला हे खोटं वाटत नाही.

रात्री पार्किंगमध्ये पेपर अंथरून
पाठीवर झोपले, टॉर्च लावला.
पाय ठेवायच्या पत्र्याला खालून ठिगळ होतं,
वनस्पती तुपाच्या डब्याचं.
अर्धं झाड, एक अक्षर,
आणि कडेने सहा रिव्हेट.
पाच सरळ. सहावा वाकडा,
वाकडाच ठोकून बसवलेला.
कुणीतरी एका रविवारी
डबा रिकामा होण्याची वाट पाहिली असेल,
की घरात ओरडा खाऊन तूप वाटीत काढलं?
सोमवारी कामावर जायचं होतं त्याला,
एवढं मात्र दिसतं.
कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसलेला पार्ट.
लीड टाइम: एक दुपार.

उठताना कंबर धरली.
डायरीत लिहिलं:
तळाचं ठिगळ. काढू नये.
त्याखाली दोनदा रेघ.

सकाळी मुस्तकीमला सांगितलं, चालवायची.
तो काही बोलला नाही. गाडी तिरकी केली,
मडक्यातलं शेवटचं पाणी ओतावं तशी,
आणि उगाच एक किक मारली.
सायलेन्सरमधून कुंभारीण माशीची
वाळलेली माती पडली, चमचाभर.
"हे पण लिहा," म्हणाला.
लिहिलं.

पूर्ण होण्याची तारीख: हा रकाना
एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोरा सोडला.
राहता राहिला शेरा.
गिअरची गाडी मला येत नाही.
कुठलीच येत नाही, खरं तर.
साकेतच्या मैदानामागचा रस्ता,
पहाटे, कुणी उठलेलं नसताना.
चढ नको, सध्या.